सातव्या रेषेवरची टकटक

१४ मार्च

मुंगे,

सातवी रेषा आकाशात नाही. काल दुपारी तीनच्या सुमारास हे नक्की झालं. रेडिओ दुर्बिणीवर ड्यूटीला असलेल्या शास्त्रज्ञाचा फोन आला. म्हणाला, "मॅडम, अकरा तासांचा डेटा एकत्र केला. तुम्ही दिलेल्या जागी काही नाही. इस्त्री केल्यासारखं सपाट आहे." मी विचारलं, रिसीव्हरचा दोष? तो म्हणाला, "दोन वेगळ्या रिसीव्हरवर घेतलंय. तुम्ही हे विचारणार हे माहीत होतं." आवाजात सहानुभूती होती. तीच जास्त लागली.

आणखी एक गोष्ट तीन आठवड्यांपूर्वीच झाली होती, ती तुला कळवायची राहिली. एका दुसऱ्या प्रयोगशाळेने आपला रेणू नव्याने तयार केला आणि त्याच्या अकराही रेषा मोजल्या. सातवीचा तुझा आकडा बरोबर आहे. शेवटच्या दशांशापर्यंत.

म्हणजे तुझं मापन खरं, आणि आकाशात त्या जागी काही नाही हेही खरं. दोन्ही खरं असेल तर उरतं ते एवढंच, की एकोणीस वर्षांपूर्वी त्या कोवळ्या ताऱ्याभोवतीच्या वायूत जो रेणू सापडल्याचं मी जगाला सांगितलं, तो तिथे नाही. तू त्याला 'पाहुणा' म्हणायचीस. पाहुणा आलाच नव्हता.

बाबांना सांगितलं. ते पलंगावर उशीला टेकून पेपर वाचत होते, नेहमीसारखी ओळीखाली पट्टी धरून. म्हणाले, "अकरातल्या दहा आहेत ना? मग एका रेषेसाठी एवढं काय?" मी म्हटलं, बाबा, रेणू गिरक्या घेतो तेव्हा ठरावीक आकड्यांवरच लहरी सोडतो. ती यादी म्हणजे त्याची सही. आणि त्या ताऱ्याभोवती इतके रेणू आहेत, इतक्या रेषांची गर्दी आहे, की कुठल्याही आकड्याजवळ काहीतरी सापडतंच. म्हणून जुळलेल्या रेषांना फार किंमत नसते. जी असायला हवी आणि नाही, ती खरी. आता असं दिसतंय की त्या दहांपैकी आठ रेषा साध्या मेथॅनॉलच्या आहेत, फार तापलेल्या. उरलेल्या दोन कोणाच्या ते कळलेलं नाही.

बाबांनी पट्टी एक ओळ खाली सरकवली. मग म्हणाले, "मुंगीला कळवलंस?"

तुझा पत्ता त्यांच्या वहीतून घेतला.

मी लेख मागे घेत्ये. नियतकालिकाला द्यायची सूचना लिहायला घेतली आहे. मसुद्यात असं आहे: "सातव्या वारंवारतेचा चॅनेल तांत्रिक कारणाने वगळण्यात आला होता, नव्या निरीक्षणांत तिथे रेषा आढळली नाही." तुझ्या मापनाचा त्यात उल्लेख नाही. पण नवे आकडे सोबत छापले जातील, तेव्हा अकरा वर्षांपूर्वी चौकशी समितीने तुझ्या प्रयोगशाळेवर ठेवलेला ठपका आपोआप पुसला जाईल.

ऑफिसातलं कपाट आवरताना खालच्या खणात तुझी निळी वही सापडली. हवी असेल तर पाठवते.

बाबांची तब्येत ठीक. रविवारी साडेअकरा ते बारा मी भाजी आणायला जाते, हे तुला माहीत आहेच.

ताई

२२ मार्च

मुंगे,

उत्तर येणार नाही असं धरूनच लिहित्ये. तरी रविवारी परत आले तेव्हा बाबांचा फोन उशीजवळ होता आणि हाताला गरम लागला. बाबांनी तुझं काही सांगितलं नाही. मी विचारलं नाही. आमच्यात तसं ठरलेलं आहे.

त्यांनी आज कोष्टकांची आठवण काढली. तुला आठवतं ना, छापखान्यातून प्रुफांची भेंडोळी घरी यायची? टेलिफोन डिरेक्टरी, लॉगॅरिथमची कोष्टकं, सगळे आकडेच आकडे. दोघा मुद्रितशोधकांचं काम छापखाना एकट्या बाबांकडून करून घ्यायचा आणि ते आपल्या दोघींकडून. मी मूळ प्रत वाचायची, तू प्रुफावर पट्टी सरकवायचीस. मी अकरा आणि तू सहा वर्षांची. आकडा जुळला की तू तांबड्या पेन्सिलीने टिंब द्यायचीस, मुंगीएवढं. नाही जुळला तर टेबलावर दोनदा टकटक. टकटक झाली की वाचणाऱ्याने थांबायचं. चूक कोणाची ते बघेपर्यंत पुढचा आकडा वाचायचा नाही. घरात एवढा एकच नियम कधी मोडला गेला नाही. जेवायच्या वेळा मोडल्या, शाळेच्या मोडल्या, आई गेल्यावर सगळंच मोडलं. हा नाही.

पुढे तू तळघरात रेणूंच्या रेषा मोजायची ती काचेची लांब नळी बसवलीस आणि मी दुर्बिणीवर जायला लागले, तेव्हाही आपण तसंच करत राहिलो. बाकीचे लोक कॉम्प्युटरवर आकडे जुळवत होते आणि आपण दोघी स्टुलांवर बसून मोठ्याने वाचत होतो. तुझा तो सहकारी म्हणायचा, "तुमच्या घरात बाराखडीसुद्धा अशीच शिकवली का?" तू म्हणायचीस, "बाराखडी नाही, पिनकोड."

तो दिवस तुझ्या लक्षात असणार. मीही विसरलेले नाही. तुझी यादी मी वाचत होते आणि तारा तुझ्या मांडीवर होता, साडेतीन मीटर लांब आलेखाच्या कागदावर. एक, दोन, तीन, टिंबं पडत होती. सातवी वाचली. मग आठवी वाचली.

तुझा व्हॅक्यूम पंप चालू होता. त्याचा खालून ठोका पडायचा आणि टेबल हलायचं. मला पंपाचाच आवाज वाटला असणार. अकरा झाल्यावर तू विचारलंस, "आणि सातवी?" मी नोंदवही काढून दाखवली. तो चॅनेल, म्हणजे रिसीव्हरचा तेवढा भाग, संशयास्पद म्हणून लिहिलेला होता. तू म्हणालीस, "मग ठीक," आणि लेखावर दुसरी लेखिका म्हणून सही केलीस.

हे सगळं सांगायचं कारण असं, की तुझी ती वही चाळत होते. तुला लिहिलंच आहे, बाबांच्या पुस्तकांच्या खोक्यात सापडली. तुझं अक्षर तेव्हाही भिंगाशिवाय वाचता यायचं नाही. आता मला भिंगानेही कष्ट पडतात.

बाबा पायाच्या सुजेची तक्रार करतायत. डॉक्टरांनी मीठ बंद केलंय. त्यांनी डॉक्टरांना बंद करायला सांगितलं.

ताई

२ एप्रिल

मुंगे,

काल संचालकांकडे जाऊन आले. ते मला पंचवीस वर्षं ओळखतात. चहा मागवला, दार लावून घेतलं.

"मॅडम, मागे घ्या, उत्तम. पण दोन ओळींत आटपा. इतक्या जुन्या लेखासाठी कबुलीजबाब लिहायची गरज नाही."

मी मसुदा दाखवला. त्यांना 'तांत्रिक कारणाने' आवडलं. त्याच्यापुढे त्यांनी स्वतःच्या पेनने आणखी शब्द घातले: "तसेच तत्कालीन प्रयोगशालेय मापनांतील अनिश्चिततेमुळे."

मी म्हटलं, मापनांत अनिश्चितता नव्हती. ते बरोबर निघालंय.

"आता बरोबर निघालं. तेव्हा अनिश्चितच होतं ना? समितीने तसं लिहिलंय. आपल्याच समितीला आपण खोटं कशाला पाडायचं? तुमची बहीण तर आता या क्षेत्रातही नाही. कुठे असतात त्या?"

मी म्हटलं, पाणी तपासणीत. नायट्रेट, क्लोरीन, शिसं.

"चांगलं काम आहे," ते म्हणाले. मनापासून म्हणाले, म्हणून जास्त वाईट वाटलं.

माझी निवृत्ती दोन वर्षांवर आहे. दोन ओळींची सूचना गेली तर मी शेवटच्या दिवसापर्यंत माझ्या खोलीत बसेन. त्याहून जास्त लिहिलं तर समिती पुन्हा बसवावी लागेल आणि मला रजेवर जावं लागेल, हे त्यांनी चहा संपताना सांगितलं. दरडावून नाही. वेळापत्रक सांगावं तसं.

खोलीत परत आले तर माझी शेवटची विद्यार्थिनी दारात उभी. ती अडीच वर्षं एकाच प्रश्नावर काम करत्ये: ताऱ्याजवळच्या धुळीवर जो बर्फ असतो, त्यात पाहुणा कसा तयार होतो. तिला निकाल कळला होता. रडली बिडली नाही. म्हणाली, "मॅडम, माझ्या मॉडेलमध्ये तो तयार होतो. छान होतो. हव्या तेवढ्या प्रमाणात होतो." मग म्हणाली, "म्हणजे मी तो होईपर्यंत मॉडेल ढकलत राहिले." असं ढकलायला तिला कोणी शिकवलं, हे आम्हा दोघींना माहीत होतं.

संचालकांनी घातलेले शब्द मी अजून खोडलेले नाहीत.

ताई

९ एप्रिल

मुंगे,

आज मसुदा बाबांना वाचून दाखवला. त्यांनीच सांगितलं, "छापायला जाणार ना? मग मोठ्याने वाच." हल्ली त्यांना सकाळची गोळी घेतल्याचं आठवत नाही, मला कधी आईच्या नावाने हाक मारतात. मला वाटलं, तेवढाच त्यांना विरंगुळा. त्यांनी डोळे मिटले आणि हात पलंगाशेजारच्या टेबलावर ठेवला. मी वाचायला लागले. पहिलं वाक्य, लेखाचं शीर्षक, वर्ष, नव्या निरीक्षणांचा तपशील. मग चॅनेलचं वाक्य. मग संचालकांचे शब्द.

त्यांनी टेबलावर टकटक केली. दोनदा.

मी थांबले. म्हटलं, काय झालं? छपाईची चूक आहे का?

म्हणाले, "इथे भरभर वाचलंस."

"नाही बाबा."

"वाचणारा भरभर गेला की तिथे काहीतरी असतं. चाळीस वर्षं ऐकलंय मी. परत वाच."

मी परत वाचलं. पुन्हा तिथेच टकटक. तिसऱ्यांदा वाचताच आलं नाही. बाबांनी डोळे उघडले नाहीत. म्हणाले, "दुरुस्त करून आण, मग ऐकतो," आणि झोपले. उठल्यावर त्यांना यातलं काही आठवत नव्हतं. मला आईच्या नावाने हाक मारून चहा मागितला.

म्हणून आता लिहित्ये.

पंपाचा आवाज नव्हता. तुझी टकटक मला ऐकू आली होती. दोनदा, नखाने, स्टुलाच्या कडेवर. मी सातवीवर थांबले नाही, कारण थांबले असते तर तू कागदाकडे बोट दाखवलं असतंस आणि मला तिथे बघावं लागलं असतं. दुर्बिणीवर तीन वर्षं घालवली होती. परिषद पाच आठवड्यांवर होती. दुसऱ्या एका गटाकडे त्याच ताऱ्याचा डेटा आहे अशी कुणकुण होती. ही कारणं तेव्हा मला मोठी वाटली. आता लिहून बघितली तर तीन ओळींत मावतात.

नोंदवहीतला शेराही माझा. तो चॅनेल धडधाकट होता. अकरावी झाल्यावर, विचारण्याआधी, तू पंप बंद करायला आत गेलीस तेवढ्या वेळात मी 'संशयास्पद' असं लिहिलं. शाई वाळली नव्हती. तू बोट लावलं असतंस तर कळलं असतं. पण माझ्या नोंदीवर बोट लावून बघायचं तुझ्या डोक्यात कसं यावं?

आठ वर्षांनी त्या दुसऱ्या गटाने शंका काढली, वेगळ्या दुर्बिणीवरून, वेगळ्या चॅनेलवर. तेव्हा नोंदवहीतला शेरा कामाचा राहिला नाही. समितीने मला विचारलं, सातवी रेषा दिसत नाही याचं आणखी काय कारण असू शकतं? मी म्हटलं, प्रयोगशाळेतलं मापन चुकलेलं असू शकतं. रेणू अस्थिर आहे, नळीत चाळीस मिनिटं टिकतो. माझ्या माहितीप्रमाणे सातवी रेषा एकदाच मोजली गेली.

"माझ्या माहितीप्रमाणे." हे शब्द मी घरून ठरवून नेले होते.

बाबांचं बरं नाही. तुला रविवारी आवाजावरून कळतच असेल.

ताई

२७ एप्रिल

मुंगे,

बाबा गेले आणि तू येऊन गेलीस, त्याला नऊ दिवस झाले. बाबांची खोली अजून तशीच आहे. पट्टी पेपरात होती, ती तशीच पेपरात ठेवली. अर्धवट वाचलेल्या बातमीवर.

बाबांना झटका आला तेव्हा मी घरात होते, हे तुला सांगितलं. सांगितलं नाही ते असं, की मी शेजारच्या खोलीत संचालकांशी फोनवर बोलत होते. काहीतरी पडल्याचा आवाज आला आणि मी वाक्य पुरं केलं. वाक्य काय होतं ते आता आठवत नाही. डॉक्टर म्हणाले त्या अर्ध्या मिनिटाने काही फरक पडला नसता. ते खरंही असेल.

तू सकाळच्या बसने आलीस, संध्याकाळच्या बसने गेलीस. मध्ये सगळं आटपलं आणि लोक गेल्यावर आपण दोघीच स्वयंपाकघरात होतो. तेव्हा जे बोलणं झालं ते मी लिहून ठेवत्ये. मी एखादी ओळ सोडली असेल तर सांग. मला स्वतःवर आता तेवढा भरवसा नाही.

तू कप विसळत होतीस. म्हणालीस, "साखर कुठे ठेवतेस?"

मी म्हटलं, "तिथेच."

"तिथेच म्हणजे? अकरा वर्षं झाली, ताई."

मी डबा काढून दिला. मग तू म्हणालीस, "पत्रं मिळाली. चारही वाचली." मी डब्याचं झाकण लावलं. "पहिल्या पत्रात माझी वही ऑफिसच्या कपाटात सापडली. दुसऱ्यात बाबांच्या पुस्तकांच्या खोक्यात. लिहिलेलं एकदा वाचून बघत जा गं पाठवण्याआधी."

एवढ्या वर्षांनी तू माझी चूक काढलीस आणि मला एका क्षणापुरतं बरं वाटलं, काय सांगू.

"खरी कुठे होती?" तू विचारलंस.

मी म्हटलं, "सांगते."

"आत्ता नको. लिहून सांग. बोलताना तू भरभर जातेस." बाबांचे हे शब्द मीच तुला लिहिले होते. गोळी विसरले, मला आई समजले, पण वाचणारा कुठे भरभर जातो ते ऐकायला विसरले नाहीत.

मग तू बाहेरच्या टेबलावरचा मसुदा वाचलास, उभ्यानेच. "'वगळण्यात आला' अजून तसंच आहे," म्हणालीस. "आणि हे अनिश्चितता काय आहे?"

"ते संचालकांनी घातलंय."

"आणि तू खोडलं नाहीस."

मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तू हात वर केलास. ओला होता, पाणी कोपरापर्यंत ओघळलं. "माफी नको. तुला माहीत्ये नळीचं काय झालं? प्रयोगशाळा रिकामी करायला माणसं आली, नळी दारातून जाईना. तीन मीटरची होती, मी आतच जोडलेली. त्यांनी विचारलं, ही लागणारे का कोणाला? मी म्हटलं नाही. मग त्यांनी कापली. काच कापायचा आवाज ऐकलायस कधी? पंप भंगारात गेला. एकदाच मोजणाऱ्या माणसाला पुन्हा कोण नळी देणार? सात ठिकाणी अर्ज केले. सातही ठिकाणी समितीचा अहवाल माझ्याआधी पोचलेला."

तू कप पालथे घातलेस. म्हणालीस, "मी आता रोज पाणी मोजते. प्रत्येक नमुना तीनदा. एकदाच पुरे असतं, वरिष्ठ ओरडतात वेळ जातो म्हणून. तरी तीनदा."

बसस्टॉपवर येऊ का विचारलं, तर म्हणालीस, "नको, सामान नाहीये." बाबांची पट्टी ने म्हटलं, तर म्हणालीस, "राहू दे. ती ओळ अजून वाचायचीये त्यांची."

आता वहीबद्दल. भरभर न जाता.

ती सापडली नाही, कारण हरवलीच नव्हती. लेख छापला जाण्याआधी तू मला ती आकडे तपासायला दिली होतीस आणि मी परत केली नाही. समिती बसली तेव्हा तू तळघर पालथं घातलंस, मला फोन केलास, "ताई, निळी वही तुझ्याकडे आहे का? तिच्यात तिन्ही वेळची मापनं आहेत." मी म्हटलं, "बघते." ती माझ्या समोर टेबलावर होती. मी तिच्यावर हात ठेवून तुला "बघते" म्हटलं. दोन दिवसांनी सांगितलं, नाही मिळाली. तुझ्याकडे दाखवायला काही उरलं नाही आणि समितीने तसं लिहिलं.

तेव्हापासून ती ऑफिसच्या कपाटात खालच्या खणात आहे. मी दर वर्षी कपाट आवरते. दर वर्षी तिला हात लागतो. फेकून का दिली नाही, असं तू विचारशील. आकडे बरोबर होते. बरोबर आकडे फेकायला आपल्याला कोणी शिकवलं नाही. बाकी सगळं जमलं मला, एवढं जमलं नाही.

काल भिंग घेऊन ते पान वाचलं. तीन तारखा, तीन मापनं, तिन्हींत शेवटच्या घरात फक्त एकाचा फरक. आणि खाली, वाचनाच्या दिवसाची तारीख घालून, तुझ्या मुंगीच्या अक्षरात: "सातवीला ठोकलं. ताई वाचत गेली. विचारलं, चॅनेल खराब म्हणाली. ताई म्हणत्ये तर असेल."

एकोणीस वर्षं हे वाक्य माझ्याकडे होतं आणि मी काल पहिल्यांदा वाचलं. त्या पानापर्यंत मी कधी गेलेच नव्हते.

ताई

४ मे

मुंगे,

हे शेवटचं पत्र. यात फक्त पुढे काय होणार ते आहे.

सूचना नव्याने लिहून पाठवली. संपादकबाईंनी दोन दिवसांत उत्तर दिलं. त्यांचा एकच बदल: 'माझी बहीण' हे शब्द चालणार नाहीत, त्यांच्या पद्धतीत नाती बसत नाहीत. म्हणून तू तिथे 'दुसरी लेखिका' आहेस. बाकी असं आहे:

"सातव्या वारंवारतेवर रेषा नसल्याचं दुसऱ्या लेखिकेने प्रकाशनापूर्वी माझ्या लक्षात आणून दिलं होतं. तो चॅनेल सदोष नव्हता. तो मी वगळला आणि तशी नोंद त्यानंतर केली. प्रयोगशाळेत ही रेषा तीन वेळा मोजण्यात आली होती आणि तिन्ही मापनं अचूक होती. त्यांची वही माझ्याकडे होती. चौकशी समितीसमोर मी ती ठेवली नाही आणि मापन एकदाच झालं असं सांगितलं. लेख मी मागे घेत आहे."

संचालकांना प्रत दिली. त्यांनी वाचली, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचली. या वेळी चहा मागवला नाही. उद्यापासून मी रजेवर आहे. समिती महिनाअखेर बसेल. तिच्यासाठी वहीतल्या पानांच्या प्रती ठेवल्या आहेत. ते काय ठरवतील याचा अंदाज मला आहे आणि माझी तक्रार नाही. तुझ्यावरचा शेरा काढतील. नळी परत येणार नाही. मी 'आपोआप' असं लिहिलं होतं पहिल्या पत्रात. तो शब्द खोड.

विद्यार्थिनीने दुसरा मार्गदर्शक निवडला. मीच सुचवला. निघताना म्हणाली, "मी मॉडेल न ढकलता चालवून बघितलं, मॅडम. तयार होत नाही तो." मी म्हटलं, हे लिही. हा तुझा पहिला निकाल.

मूळ वही आज रजिस्टर पार्सलने तुझ्या नावावर टाकली. बुधवारी पोचेल. सही करून घ्यावी लागेल, तेव्हा घरी कोणी असू दे. ते पान मी दुमडलेलं नाही, खूणही ठेवली नाही. तुला सापडेल.

गुरुवारी सूचनेचं प्रूफ येणार आहे. दुरुस्त्या कळवायला सोमवारपर्यंत मुदत आहे. त्यानंतर ते छापलं जाईल, आणि छापलं की कुठेही जाईन, लोकांनी तेच वाचलेलं असेल. या वयात ते जड जाणार आहे. पण प्रूफ एकटीने वाचायचं नसतं.

म्हणून रविवारी साडेअकराला मी तुला फोन लावीन. बाबांच्या फोनवरून. नंबर बघून दचकू नकोस, मीच असेन. त्या वेळी भाजीला जाणार नाही.

उचलायचा की नाही ते तू ठरव. उचललास तर बोलायची गरज नाही. मूळ मजकूर वर उतरवून दिलाय, तो समोर ठेव. मी प्रूफ सुरुवातीपासून वाचीन, सावकाश, प्रत्येक आकड्यासकट. जिथे जुळणार नाही तिथे टेबलावर ठोक. फोन जवळ ठेव, म्हणजे ऐकू येईल.

ठोकलंस की मी थांबेन.

ताई